कोड्याच्या वाटेनें जिल्ह्याचा इतिहास

परदेशांत 2000 सालापासून एक खेळ चालू आहे. त्यास जिओकॅशिंग म्हणतात. उपग्रहांच्या साहाय्यानें आपलें स्थान दाखविणाऱ्या यंत्रणेंत अमेरिकन सरकारनें सामान्य लोकांसाठीं मुद्दाम ठेविलेली चूक त्या वर्षीं 2 मे रोजीं काढून टाकिली. दुसऱ्याच दिवशीं डेव्ह उल्मर ह्या गृहस्थांनीं ऑरेगन राज्यांत एक बादली लपवून तिचे अक्षांश व रेखांश प्रसिद्ध केले आणि ती शोधून काढण्यास लोकांस बोलाविलें. ह्या खेळाचा एक प्रकार विशेष बोधप्रद आहे. त्यांत स्थळाचे अंक उघड सांगत नाहींत. शिलालेखावरील साल, इमारतीच्या खांबांची संख्या, अशा खुणांवरून ते खेळाडूनें स्वतः मिळवावयाचे असतात. म्हणजे पेटी हातीं लागण्यापूर्वींच त्या स्थळाचा इतिहास हातीं लागतो.

पालक विचारतील कीं, ह्याचा अभ्यासाशीं संबंध काय? उत्तरादाखल आपल्या पांडवलेण्यांचें उदाहरण घेऊं. नांव पांडवांचें असलें तरी हीं चोवीस लेणीं मुख्यतः बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं आहेत. दहाव्या लेण्यांत क्षहरात वंशांतील नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठीं त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3,000 कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेविले. त्यांपैकीं 2,000 वर दरमहा दरशेंकडा 1 व्याज ठरलें. त्या व्याजांतून, पावसाळ्यांत लेण्यांत राहणाऱ्या 20 भिक्षूंस प्रत्येकीं 12 कार्षापण वस्त्रांसाठीं द्यावयाचे होते. मुलांनो, पाटी घेऊन हिशेब करा. वर्षाचें व्याज 240, आणि वीस बारे 240! सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या ह्या हिशेबांत पैचाही फरक नाहीं.

आतां कोडें असें रचितां येईल: भिक्षूंची संख्या किती? 20, आणि आपलें शहर 20 उत्तर अक्षांशाच्या अगदीं लगत आहे. बाकीचे अंक तिसऱ्या लेण्यांतून घ्यावे. तेथें पुळुमावीच्या कारकीर्दीच्या 19 व्या वर्षीं कोरलेला गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलांस ब्राह्मी लिपि येत नसली तरी ह्या लेखांचीं भाषांतरें छापलेलीं आहेत; तीं आधीं वाचून मग डोंगर चढावा.

ह्या दुसऱ्या लेखांत आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी यानें क्षहरात वंश निर्मूळ केला, असें ती माता सांगते. आईनें केलेली मुलाची स्तुति कितपत खरी मानावी? ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्याच जिल्ह्यांत जमिनीखालीं दडलेलें होतें. जोगळटेंभी येथें 1906 सालीं नहपानाच्या सुमारें 13,250 रुपेरी नाण्यांचा सांठा सांपडला. त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हां उमटविलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं हीं नाणीं तपासून त्यांचें वर्णन 1908 सालीं प्रसिद्ध केलें. जित्यानें जिंकलेल्याच्या नाण्यावर आपली मुद्रा मारिली. मातेच्या शब्दास नाण्यांची साक्ष मिळाली. हा सगळा सांठा सोनाराच्या मुशींत गेला असता तर थोडी चांदी राहिली असती, आणि साक्ष कायमची नाहींशी झाली असती.

म्हणून ह्या खेळांत कांहीं नियम अगदीं कडक असावे. संरक्षित स्थळीं पेटी ठेवूं नये. ती शाळेच्या आवारांत किंवा परवानगी घेऊन अन्यत्र ठेवावी. कोठेंही जमीन उकरूं नये. भिंतीवर नांव कोरूं नये. ज्यानें आपलें नांव तेथें कोरलें, त्यानें पुढच्या वाचकाचें एक अक्षर पुसलें असें समजावें. जुनें कांहीं सांपडल्यास तें जागचें हलवूं नये. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा पुरलेला ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविलें पाहिजे, असें 1878 च्या कायद्यानें ठरविलें आहे.

अशींच कोडीं शरणपुराविषयींही रचितां येतील. गुलामगिरींतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांस तेथें चर्च मिशनरी सोसायटीनें आश्रय व शिक्षण दिलें. त्यांपैकीं जेकब वेनराइट यानें 1873 सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन यांचें हृदय पुरलें त्या झाडावर त्यांचें नांव कोरलें, आणि पुढील वर्षीं त्यांच्या शवाबरोबर तो इंग्लंडास गेला. नाशिकास शिकलेल्या हातानें तो लेख कोरला, हें आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे?

शेतांत लपविलेल्या ठेव्याचा दृष्टांत आपण शुभवर्तमानांत वाचतों. त्या मनुष्यानें ठेव्यासाठीं शेत विकत घेतलें. इतिहासाच्या ठेव्यास द्रव्य लागत नाहीं. थोडे श्रम व पुष्कळ सचोटी लागते. पालकांनीं एखाद्या शनिवारीं मुलांसमवेत डोंगर चढावा, आणि मुलांनीं पुढील वर्षींच्या अंकासाठीं आपापल्या गांवचें एक कोडें रचून आणावें.