इंजिनिअरला गिऱ्हाईक भेटतं तेव्हा

‘मुलगा इंजिनिअरिंगला आहे’ हे सांगताना आपला आवाज थोडा वर जातोच. पुढचं चित्रही ठरलेलं असतं. कॅम्पस इंटरव्ह्यू, पुण्यात नोकरी, मग स्थळं. मध्येच अभ्यासक्रमात ‘उद्योजकता’ येते. भांडवल, बाजारपेठ असं सगळं मार्कांपुरतं पाठ करायचं, पेपर झाला की विसरायचं.

आमच्या गावाजवळच्या कॉलेजातल्या एका मॅडमनी मात्र मुलांना बजावलं, आधी गिऱ्हाईक गाठा, मग यंत्राचं बघू. त्यातली चौघं आमच्या बचत गटात आली. पापड लाटायच्या यंत्राचं ड्रॉइंग तयारच! बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक आजी म्हणाल्या, ‘‘लाटायला कुठं रे त्रास? गप्पा मारता मारता शेकडा होतो. पीठ कुटताना खांदे भरून येतात, ते बघ. आणि श्रावणात पापड वाळत नाहीत, बुरशी धरते, त्याचं काय?’’

मुलांचे चेहरे उतरले. मॅडमनी त्यांना पावसाळ्यात आठवडाभर गटातच बसवलं. किती पापड फुकट जातात, वीज किती वेळ नसते, यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, सगळं वहीत उतरलं. ‘‘तुम्ही किती पैसे द्याल?’’ हे विचारायला मात्र पोरं लाजत होती. मला वाटतं, हेच त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा ना. मुंबईच्या व्हीजेटीआयमधली ड्रॉइंग शिकवायची नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींचं दुकान चालवलं. १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. पण लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. नांगर घडवून काम संपलं नाही, समोरच्याची भीती घालवण्यातच वेळ गेला.

भीती घरातही असते. त्या चौघांतली एक मुलगी आमच्याच गटातल्या बाईची. ही बाई दहा वर्षं पापडांचा हिशेब तोंडपाठ सांगते, पण मुलीनं धंद्याचं नाव काढलं की म्हणते, ‘‘ताई, तिला समजवा. कर्जाचा हप्ता सुरू होईल, नोकरीच बरी.’’ तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. हप्ता काही थांबत नाही. मी एवढंच म्हटलं, नोकरीचे अर्ज करू दे, पण हे काम अर्धं सोडायला लावू नकोस.

मुलांनी शेवटी वाळवणाचं कपाट केलं. आत जाळीचे ट्रे, खाली हीटर आणि पंखा. पहिल्या कपाटात पापड कडेनं तडकले. मॅडमनी त्याचेही मार्क दिले, कारण का तडकले ते मुलांनी नीट लिहिलं होतं. दुसरं कपाट सध्या गटात आहे. महिनाभर वापरून मगच पैसे, असं आजींनी ठणकावलंय. किमतीवरून घासाघीस चालू आहे, आणि मुलांच्या बाजूनं भाव करायला तीच मुलगी पुढे असते, समोर तिची आई.