कुटुंबशिल्पे, प्राचीन ईजिप्तमधील

मृताच्या थडग्यात ठेवण्यासाठी घडविलेले पति-पत्नी, अपत्ये व क्वचित इतर आप्त यांचे एकत्रित मूर्तिसमूह. प्राचीन राज्याच्या काळात (इ. स. पू. सु. २६८६–२१८१) हा प्रकार रूढ झाला.

‘का’ ही माणसाची जीवनशक्ती मृत्यूनंतरही टिकते व शव नष्ट झाल्यास मूर्ती तिला आश्रय देते, अशी ईजिप्शियनांची श्रद्धा होती. त्यामुळे मूर्ती ही केवळ स्मारक नव्हती. ‘मुखोद्‌घाटन’ विधीने तिला चैतन्य लाभे. मस्तबा नावाच्या चौथऱ्यासारख्या थडग्यात ‘सर्दाब’ या बंदिस्त कोठडीत ती ठेवीत. भिंतीतील अरुंद फटीतून धुपाचा सुगंध तिच्यापर्यंत पोहोचे. मूर्तीवर नाव व पदे कोरीत. कारण ती कोणाची, हे चेहऱ्यापेक्षा नावावरून ठरे. एकाच पाषाणात कोरलेल्या आप्तांना परलोकातही सहवास व नैवेद्याचा वाटा लाभावा, हा समूहरचनेमागील हेतू होता.

ही शिल्पे बहुधा चुनखडकात घडवून रंगवीत. पुरुषाची कांती तांबूस तपकिरी, तर स्त्रीची फिकट पिवळी दाखवीत. मूर्तींचे आकारमान कुटुंबातील स्थानानुसार ठरे. त्यामुळे पत्नी कधी पतीच्या बरोबरीची, तर कधी त्याच्या पायाशी लहानशी दिसते. ती सामान्यतः पतीला हाताने वेढते. मुले नग्न, तोंडाशी बोट नेलेली व डोक्याच्या एका बाजूस केसांची बट असलेली दाखवीत. प्रौढ अपत्येही प्रसंगी याच रूपात आढळतात.

गीझा येथे हेर्मान युंकर यांच्या उत्खननात सापडलेले सेनेब ह्या खुज्या अधिकाऱ्याचे सु. ३४ सेंमी. उंचीचे शिल्प विशेष प्रसिद्ध आहे. त्यात सेनेब मांडी घालून बसला असून शेजारी बसलेल्या पत्नीने त्याला कवेत घेतले आहे. पुरुषाचे पाय जेथे दिसावयाचे, तेथे दोन मुले उभी आहेत. त्यामुळे रूढ रचनेचा तोल राहतो आणि सेनेबचे खुजेपणही लपविले जात नाही.

नवराज्याच्या काळात (इ. स. पू. सु. १५५०–१०७०) अशी शिल्पे मंदिरांतही स्थापिली जाऊ लागली. थीब्झचा नगराधिकारी सेन्नेफर, त्याची पत्नी व कन्या यांचा कारनाक येथील मूर्तिसमूह ह्याचे उदाहरण होय. देवाच्या नैवेद्यात कुटुंबालाही वाटा मिळावा, ही त्यामागील अपेक्षा होती.