तांदळाचा डबा आणि मोबाइलमधली पेटी

मैत्रिणींनो, तुमच्या तांदळाच्या डब्यात तळाशी एखादी पुरचुंडी आहे का हो? लाजू नका! भाजी-दुधाच्या हिशेबातून चार पैसे बाजूला टाकायची विद्या आपण आई-सासूकडूनच शिकलो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आमच्या घाटकोपरच्या घरी सासूबाईंनी मुकाट्याने डबा पालथा केला. सतरा नोटा निघाल्या. सासरे चकित, आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी! बँकेत भरल्यामुळे पैसे वाचले. गेलं ते त्यांचं गुपित.

गंमत पाहा. त्याच वर्षी ११ एप्रिलला मुंबईतच, रिझर्व्ह बँकेचे त्या वेळचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते ‘यूपीआय’चा आरंभ झाला होता. कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा भाजीवाली क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढे करील, असं तेव्हा कुणाला वाटलं होतं? ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात देशभरात यूपीआयचे २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले!

सोय मोठी, यात शंका नाही. पण शंभराची नोट मोडताना हात जरा थबकतो, तसा मोबाइलवर थबकत नाही. वीस इथे, चाळीस तिथे, आणि पंधरा तारखेलाच खातं रिकामं! म्हणून मी घरखर्चाचं खातं वेगळं ठेवलं आहे. एक तारखेला ठरलेली रक्कम त्यात भरायची आणि मोबाइल त्याच खात्याला जोडायचा. रात्री पाच मिनिटं काढून खर्च वहीत उतरवायचा. डबा कसा, उघडला की किती उरलंय ते दिसायचं! आता ते काम वहीने करायचं.

दुसरी गोष्ट सावधपणाची. आमच्या शेजारणीने जुनं कपाट विकायला काढलं. गिऱ्हाइकाने कोड पाठवला. “स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील,” म्हणाला. जमा कसले, तिचेच आठ हजार गेले! बिचारी भीतीने दोन दिवस घरात बोलली नाही. तेव्हा एवढं पक्कं ध्यानात ठेवा :

* पिन पैसे देताना लागतो. घेताना कधीच लागत नाही.
* फसवणूक झाली, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात.
* निदान एक खातं तुमच्या स्वतःच्या नावावर हवं, आणि त्याचा पिन फक्त तुम्हालाच ठाऊक हवा.
* ‘ह्यां’च्या खात्यावर नॉमिनी कोण, ते आजच विचारा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकखात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात.

पुढे काय, म्हणाल तर ऑक्टोबर २०२५ मध्ये पिनऐवजी बोटाच्या ठशाने किंवा चेहरा दाखवून पैसे देण्याची सोयही आली. मार्च २०२२ पासून तर साध्या बटणांच्या फोनवरूनही यूपीआय चालतं, हे कळल्यावर सासूबाईंनी स्वतःचं खातं जोडून घेतलं. शिल्लक किती, ते मात्र त्या कुणाला सांगत नाहीत.

आणि तांदळाचा डबा? परवा मी सहज हात घातला. पुरचुंडी आहे हं! “रेंज गेली तर रिक्षावाल्याला काय देशील?” त्या हसत म्हणाल्या.

मीही माझ्या डब्यात एक ठेवून दिली.