दहावीच्या वयातले परदेशी वर्ष : फुलसावंगीपर्यंत न पोहोचलेली माहिती

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या समाजात राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे नाव घेतले जाते. महाराष्ट्र शासनाच्या या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा असतात. मात्र ही योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे. म्हणजे महागाव तालुक्यातील फुलसावंगीच्या मुलीला पदवी हातात पडेपर्यंत परदेशाचे सरकारी दार बंदच असते. शहरातील काही सुखवस्तू घरांतली मुले मात्र पंधरा-सोळाव्या वर्षीच परदेशातील शाळेत एक वर्ष काढून येतात. हा मार्ग नेमका काय आहे, तो आपल्या तरुणांनी समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

याला विद्यार्थी देवाणघेवाण म्हणतात. विद्यार्थी तिथल्या एका कुटुंबात राहतो, जवळच्या शाळेत जातो आणि शैक्षणिक वर्ष संपले की परत येतो. यातून पदवी मिळत नाही, नोकरी मिळत नाही, तिकडे स्थायिकही होता येत नाही. मिळते ती भाषा, धीटपणा आणि जगाकडे बघण्याची नजर.

यातले तीन मार्ग महत्त्वाचे आहेत. पहिला रोटरीचा. साधारण १५ ते १९ वयोगटातील विद्यार्थ्याला स्थानिक रोटरी क्लबमार्फत अर्ज करता येतो. त्यासाठी आईवडील रोटरीचे सदस्य असण्याची अट नाही. तिकडे राहणे, जेवण आणि शाळा यांची सोय यजमान करतात. विमानाचे तिकीट, विमा आणि व्हिसाचा खर्च सहसा पालकांवर असतो. दुसरा एएफएस या संस्थेचा. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्या स्वयंसेवकांपासून सुरू झालेली ही संस्था दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीकडे वळली. तिच्या कार्यक्रमांना शुल्क असते. तिसरा मार्ग अमेरिकी सरकारच्या केनेडी-लुगर येस कार्यक्रमाचा. तो २००२ मध्ये सुरू झाला. त्यात निवड झाली तर प्रवास, राहणे, शाळा आणि विमा यांचा खर्च कार्यक्रमच उचलतो. भारतातील विद्यार्थीही त्यातून गेले आहेत. पण कोणत्या वर्षी कोणत्या देशातून मुले घ्यायची, हे तिकडच्या सरकारी निधीवर ठरते. त्यामुळे दरवर्षी नव्याने चौकशी करावी लागते.

कापूस-सोयाबीनच्या पिकावर किंवा रोजमजुरीवर चालणाऱ्या घराला विमानाचे तिकीटसुद्धा झेपत नाही, हे आम्ही जाणतो. मग ही माहिती कशासाठी? कारण हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवले आहे. पुढे बडोद्याला परतल्यावर त्यांना राहायला जागा मिळेना. दोन्ही अनुभव एकाच माणसाचे आहेत. जात हा निसर्गनियम नाही, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि कोवळ्या वयात वर्षभर जगून बघणे वेगळे.

अर्थात परदेशात सगळे आलबेल आहे असेही नाही. स्थलांतरितांबरोबर जात तिकडेही पोहोचली. म्हणूनच अमेरिकेतील सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. वर्णभेदही आहे. जाणाऱ्या मुलाला हे आधी सांगितले पाहिजे.

काही गोष्टी व्यवहाराच्या आहेत. परदेशातले वर्ष इथे आपोआप मोजले जात नाही. जाण्यापूर्वी शाळेकडून किंवा कनिष्ठ महाविद्यालयाकडून पुढच्या प्रवेशाबाबत लेखी घ्यावे. पुढे प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या वेळी खंडाचे कारण विचारले जाते, म्हणून सर्व कागद जपून ठेवावेत. आधार, शाळेचा दाखला आणि जातीचे प्रमाणपत्र यांवरील नाव आणि जन्मतारीख जुळते का, हे आठवीतच तपासावे. पासपोर्टचे काम बहुधा तिथेच अडते. अमेरिकेतील देवाणघेवाणीच्या व्हिसावर नियमित नोकरी करता येत नाही आणि तिथल्या यजमान कुटुंबाला मुलाला ठेवण्याचे पैसेही मिळत नाहीत. त्यामुळे ‘मुलगा तिकडे कमावेल’ किंवा ‘यजमान कुटुंबाला द्यायचे आहेत’ असे सांगून कोणी रोख रक्कम मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आमचे म्हणणे एवढेच की ही माहिती पदवीनंतर नव्हे, आठवी-नववीतच घरात पोहोचली पाहिजे. विहारातल्या रविवारच्या वर्गात एक तास इंग्रजी बोलण्यासाठी ठेवता येईल. यवतमाळच्या रोटरी क्लबकडे समाजातील दोन कार्यकर्त्यांनी जाऊन खर्चात सवलत मिळते का, हे विचारता येईल. जयंतीच्या वर्गणीतला ठराविक हिस्सा एका मुलीच्या तिकिटासाठी बाजूला काढता येईल. आणि ज्या सवलती पदव्युत्तर शिक्षणाला मिळतात, त्या शालेय देवाणघेवाणीलाही मिळाव्यात, ही मागणी सामाजिक न्याय विभागाकडे लेखी करता येईल.

निवड झाली नाही तरी ही तयारी वाया जात नाही. अर्ज भरताना सुधारलेले इंग्रजी, मुलाखतीत आलेला धीटपणा आणि दुरुस्त झालेले कागद पुढे शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या वेळी हमखास कामी येतात. जय भीम!