एक गर्भ गर्भाशयात, दुसरा बाहेर : निदानातील पेच

सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भाशयात गर्भपिशवी दिसली, की गर्भ बाहेर रुजल्याची शंका सहसा मिटते. बहुतेक वेळा हा निष्कर्ष बरोबरच असतो. 'हेटरोटॉपिक' गर्भधारणेत मात्र तोच घातक ठरू शकतो. या अवस्थेत एक गर्भ गर्भाशयात आणि त्याच वेळी दुसरा बाहेर, बहुधा बीजवाहिनीत, वाढत असतो.

या अवस्थेची पहिली नोंद १७०८ मध्ये शवविच्छेदनातून झाली. नैसर्गिक गर्भधारणेत तिचे प्रमाण सुमारे ३०,००० मध्ये एक, असे जुने अनुमान आहे. एकाहून अधिक भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचारपद्धतीमुळे ते कित्येक पटींनी वाढते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बालक जन्मले तेव्हा हे उपचार अपूर्वाईचे होते; आज ते जिल्ह्याच्या शहरांपर्यंत पोहोचले आहेत.

निदानातील खरी अडचण अशी, की नेहमीच्या खुणा येथे साथ देत नाहीत. केवळ बीजवाहिनीत गर्भ असल्यास रक्तातील बीटा-एचसीजी या संप्रेरकाची वाढ बहुधा मंदावते. येथे गर्भाशयातील गर्भ ती वाढ सुरळीत ठेवतो व दुसऱ्याचे अस्तित्व झाकले जाते. योनिमार्गे रक्तस्रावही अनेकदा होत नाही. उरते ती पोटदुखी, आणि तिला गर्भारपणातील सामान्य तक्रार समजण्याचा मोह मोठा असतो.

म्हणून गर्भाशयात गर्भ दिसल्यावरही योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत दोन्ही बीजवाहिन्या, अंडाशये आणि गर्भाशयामागील पोकळीत साचलेला द्रव तपासणे आवश्यक ठरते. अंडाशयातील पीतपिंडाची गाठ येथे हमखास फसवते. तपासणीच्या नळीने हलका दाब दिल्यास ती अंडाशयासोबत सरकते. बीजवाहिनीतील गाठ वेगळी सरकते. तरीही शंका राहिल्यास दुर्बिणीतून पोटाची तपासणी करावी लागते.

मेथोट्रेक्सेट हे औषध येथे वापरता येत नाही, कारण ते गर्भाशयातील गर्भालाही मारक असते. बाधित बीजवाहिनी शस्त्रक्रियेने काढल्यास आतला गर्भ अनेकदा पूर्ण दिवसांचा होतो. निदानास उशीर होऊन बीजवाहिनी फुटल्यास मातेचाच जीव धोक्यात येतो.

बहुतेक निदाने पाचव्या ते आठव्या आठवड्यांत होतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातील दरमहा ९ तारखेची तपासणी दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील मातांसाठी आहे. म्हणजे हा धोका त्या तपासणीच्या आधीच येऊन ठेपतो. पहिल्या तिमाहीत पोटदुखी वा भोवळ घेऊन आलेल्या स्त्रीला वंध्यत्वावरील उपचारांविषयी विचारणे, हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातही होण्यासारखे आहे; त्यास यंत्र लागत नाही.