तीनशे सात किलोमीटरचं पुस्तकांचं कपाट

सुरतच्या उधना स्टेशनवर जळगावच्या गाडीची वाट बघत बसलेल्या माणसाला एकदा विचारून बघा, 'तुमचा आवडता लेखक कोण?' मी हे बरीच वर्षं करत आलोय. माणूस आधी संकोचतो. 'आपलं कुठं एवढं वाचन, भाऊ' म्हणतो, पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतो. मग एक नाव येतं, आणि त्या नावाला चिकटून हमखास एका गावाचं नाव येतं. 'बहिणाबाई. आसोद्याच्या.' 'साने गुरुजी. आमच्या अमळनेरला मास्तर होते ना!' 'ते बालकवी, धरणगावचे.' मी विचारतो लेखक, आणि लोक मला स्टेशनं सांगतात.

त्याचं कारण ज्या रुळांकडे बघत आम्ही बसलेलो असतो, त्यातच आहे. उधन्यातून फुटणारी ही लाइन म्हणजे जुनी तापी व्हॅली रेल्वे. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, पाळधी करत ती जळगावला पोचते. अंतर साधारण ३०७ किलोमीटर. उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या हजारो खानदेशी घरांची माणसं याच गाडीनं मागांवर काम करायला आली. त्यांच्या आवडीचे लेखकही याच लाइनीवर राहतात, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी नकाशा उघडून बसलो आणि रात्री उशिरापर्यंत उठलो नाही.

कारण नकाशात आणखी एक गोष्ट सापडली. लाइनीच्या या टोकाला सुरतेत वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ आहे. त्या टोकाला जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. एकाच रेल्वेमार्गाच्या दोन्ही टोकांना दोन विद्यापीठं, आणि दोन्हींना कवींची नावं! त्यातही कवी कसे बघा. नर्मद (१८३३–१८८६) यांनी 'नर्मकोश' हा गुजरातीचा शब्दकोश वर्षानुवर्षं खपून एकहाती रचला. शब्द पकडून कागदावर बसवणं हा त्यांचा ध्यास. आणि बहिणाबाई (१८८०–१९५१) यांना अक्षरओळखच नव्हती. जात्यावर, शेतात, त्या गात गेल्या. मुलानं, कवी सोपानदेवांनी, आणि घरातल्या मंडळींनी जमेल तेवढं उतरवून घेतलं. त्या गेल्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली पुस्तक झालं. एका टोकाला कोशकार, दुसऱ्या टोकाला निरक्षर बाई, आणि मधून दिवसरात्र गाड्या.

लिंबायतच्या एका कारीगरानं बहिणाबाईंचं पुस्तक माझ्यासमोर पहिल्यांदा उघडलं, तो प्रसंग मी विसरणार नाही. बारा तासांची पाळी संपवून तो चहाच्या टपरीवर आला होता. मागाच्या खात्यात इतका खडखडाट असतो की ताका उतरवतानाही खुणेनंच बोलावं लागतं. बाहेर आल्यावर काही वेळ माणूस मोठ्यानंच बोलत राहतो. शाळा लवकर सुटलेली, त्यामुळे तो ओठ हलवत, शब्दाखाली बोट धरून वाचत होता. 'वढाय' या शब्दावर त्याचं बोट थांबलं. मग तो सबंध टपरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, 'हाई ते मनी मायच बोली ऱ्हायनी!'

हे नेमकं काय घडलं? शाळेच्या मराठीत तो शब्द 'ओढाळ'. खानदेशातल्या बोलींत 'ळ' जिभेवर टिकत नाही, त्याचा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, मळा म्हणजे मया. बहिणाबाईंची बोली लेवा. टपरीवरचा माणूस सिंदखेड्याकडचा, अहिराणी बोलणारा. दोन बोली वेगळ्या, पण हा 'य' दोघांचा सामाईक. शाळेत 'डोया' म्हटल्यावर लोक त्याला हसले होते. तोच उच्चार त्याला छापलेला दिसला. छापील अक्षर कायम दुसऱ्या कुणाच्या घरातलं असतं, अशी त्याची जन्मभराची समजूत होती. एका व्यंजनानं ती मोडली.

अहिराणीची तर आणखी गंमत आहे. मराठीत 'गावचा', अहिराणीत 'गावना', गुजरातीत 'गामनो'. मराठीत 'आहे', अहिराणीत 'शे', गुजरातीत 'छे'. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात ही बोली, 'खानदेशी' या नावानं, मराठीच्या खंडात घेतलीच नाही. १९०७ साली निघालेल्या भिल्ली बोलींच्या खंडात, गुजरातीच्या शेजारी बसवली. अभ्यासकांचा त्यावर वाद आहे. पण उधन्यात आलेल्या अहिराणी माणसाला गुजराती लवकर का येते, ते मला यातून उमगलं. त्याची बोली आधीच अर्धी वाट चालून आलेली असते. नवापूर स्टेशनावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. लोक त्यावर बसून फोटो काढतात. माझ्या मते अहिराणी बोलणारा प्रत्येक माणूस जन्मापासून त्या बाकावर बसलेला आहे.

प्लॅटफॉर्मवर निघणाऱ्या बाकीच्या नावांचंही असंच. साने गुरुजी खरं तर कोकणातल्या पालगडचे, आणि 'श्यामची आई'ही कोकणातली. ती १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली गेली. तरी खानदेशी माणूस त्यांना आपलंच म्हणतो, कारण १९२४ पासून सहा वर्षं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत होते. मुलांना रोज काहीतरी सांगायचं, तेही त्यांना कळेल असं, याचा केवढा सराव आधी झाला होता! पाच दिवसांमागे ती वर्षं उभी आहेत असं मला वाटतं. बालकवी १८९० साली धरणगावला जन्मले, सतराव्या वर्षी जळगावच्या कविसंमेलनात कविता वाचून 'बालकवी' झाले, आणि १९१८ मध्ये जळगावच्या पुढच्या भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. त्यांचं नाव निघालं की प्लॅटफॉर्मवरचा माणूस क्षणभर रुळांकडे बघतो.

हे सगळे लेखक उधन्यापासून दूर जाणाऱ्या लाइनीवरचे. गाडी उलट दिशेनंही येतेच. नाशिकजवळच्या विहितगावात १९३० साली जन्मलेले बाबूराव बागूल मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पात वाढले आणि रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेला आले. जात सांगितली तर खोली मिळेना. लपवून राहणं सोसेना. नोकरी सोडून ते परत गेले. १९६३ साली त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, आणि मराठी कथेत तोपर्यंत नसलेला एक आवाज आला. त्यातल्या याच नावाच्या कथेचा नायक रेल्वेत नोकरी घेऊन येतो तो आमच्या उधन्यालाच.

मी ती कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा 'उधना' हा शब्द दिसताच सरसावून बसलो. आपलं गाव पुस्तकात आलं म्हणून हरखलो होतो. पानं उलटत गेली तसा हरख गेला. नव्या देशाच्या उत्साहानं भरलेला हा तरुण कविता जाणतो. त्याच्या बोलण्यावर भाळलेला एक सहकारी त्याला मानानं घरी जेवायला नेतो. पुढे जात कळते आणि त्याच तरुणाला मार बसतो. शब्द तेच, कविता तीच. ऐकणाऱ्यांना फक्त एक माहिती जास्त मिळालेली असते. लेखक आवडणं किती खोल जातं आणि किती उथळ असू शकतं, ते या कथेइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी स्टेशनामागच्या गल्ल्यांतून हिंडताना घरांच्या दारांकडे बघत होतो. यातलं कुठलं दार त्याच्यासाठी उघडलं नसेल?

गेल्या पावसाळ्यात त्याच प्लॅटफॉर्मवर एका तरुण पोराला मी नेहमीचा प्रश्न विचारला. मालाचे गठ्ठे टेम्पोत भरायचं काम करत होता. संकोचला नाही. 'बाबूराव बागूल,' म्हणाला.

मी सवयीनं विचारलं, 'कुठले रे ते?'

त्यानं पायानं प्लॅटफॉर्मची फरशी दाबली. 'इथले. उधन्याचे.'