गाडी मिसिंग करतेय!

एखादी जुनी मोटार नुसती चालू करून उभी ठेवली की कसा आवाज करते, ते कधी कान देऊन ऐकलंय? नव्या गाडीचं इंजिन चालू आहे की बंद, हेच पटकन कळत नाही. जुनी गाडी मात्र बोलकी असते. तब्येत ठणठणीत असली की शिवणयंत्रासारखी एका लयीत चालते. बिघडली की अंग थरथरतं, आरशातलं चित्र हलतं, मध्येच ठेचकाळल्यासारखं होतं आणि ड्रायव्हरनं रेसवरचा पाय उचलला रे उचलला की फुस्स! गाडी बंद.

गॅरेजमध्ये या दुखण्याला दोन नेमके शब्द आहेत. एक, ‘गाडी स्लोला थांबत नाही’. आणि दुसरा, ‘गाडी मिसिंग करतेय’.

समजा, शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईत एका घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. आजोबांची लाडकी. एरवी कांद्याच्या गोण्या आणि खताच्या पोत्यांच्या शेजारी ती झोपलेली असते. लग्नसराई आली, की धूळ झटकून बाहेर काढायची. यंदा बाहेर काढली तर काय, थरथर कापतेय! बाबा म्हणतात, “कार्बोरेटर गेला. नवा टाकू.” शेजारचे काका म्हणतात, “छे, चारही प्लग बदला.” आजोबा गप्प आहेत, कारण तिसरा कुणीतरी गाडी भंगारात द्यायचा सल्ला देऊन गेलाय.

आता ही पद्मिनी कोण, ते आधी सांगायला हवं. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती फक्त जुन्या सिनेमातच पाहिली असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी तिथे तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिन्या मात्र हौशी लोकांनी अजून जपून ठेवल्या आहेत. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. कॉम्प्युटर वगैरे भानगड नाही. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणूनच शिकायला फार छान.

थोडं गणित करू या. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा. चार सिलिंडरचे झाले १६००. एका सेकंदात २६-२७ छोटे स्फोट! आधी पहिला सिलिंडर, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा, अशी त्यांची पाळी ठरलेली. यातला एक जरी रुसला, तरी सेकंदाला सहा-सात वेळा एक ठोका गळतो. तीच ती थरथर. ठोका ‘मिस’ होतो म्हणून ‘मिसिंग’.

पण मग हमरस्त्यावर गाडी नीट पळते आणि उभी राहिली की का कापते? उभ्या गाडीत हवेचं दार जवळजवळ बंद असतं. इंजिन अगदी चिमूटभर हवा-पेट्रोलवर कसंबसं तोल सांभाळत असतं. सायकल हळू चालवताना हँडल डगमगतं ना, तसंच. वेगात झाकली जाणारी खोड स्लोला उघडी पडते.

आपले मेस्त्री आले. (गावाकडे कुणी ‘फिटर’ही म्हणतात.) त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी प्रश्न विचारले. “थंड असताना कापते का गरम झाल्यावर? धूर कसला, काळा का निळा? पेट्रोल कधीचं आहे?” घरातल्या सातवीतल्या मुलीनं पटापट सांगितलं, “मामा, थंडपणी जास्त कापते, पण गरम झाल्यावरही थांबत नाही. धूर दिसत नाही. पेट्रोल दिवाळीत भरलं होतं.” मेस्त्री खूश. “पोरी, तू निम्मं काम केलंस बघ.”

खरंच निम्मं झालं होतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. धूरच नाही म्हटल्यावर हे दोन संशयित मागच्या रांगेत गेले.

मग पहिली परीक्षा. चार ढोलवाले एकदम वाजवताहेत आणि त्यातला एक नुसताच हात हलवतोय, अशी शंका आहे. कसं ओळखाल? एकेकाला थांबवायचं. वाजवणारा थांबला तर आवाज पडेल. न वाजवणारा थांबला तर काहीच फरक नाही. सापडला चोर! मेस्त्रींनी नेमकं हेच केलं. चालू इंजिनवर रबरी मुठीच्या पकडीनं एकेका प्लगची वायर क्षणभर उचलली आणि परत बसवली. ज्या वायरीनं आवाज बदलणार नाही, तो सिलिंडर झोपलेला.

(हे काम मेस्त्रींचंच, बरं का. त्या वायरीत हजारो व्होल्टचा करंट असतो आणि शेजारीच पंखा फिरत असतो. आपण ओढणी, मफलर, मोकळे केस सावरून दोन हात लांब उभं राहायचं.)

एखादा सिलिंडर झोपलेला सापडलाच, तरी लगेच दुकानात पळायचं नाही. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून पाहायचा. दुखणं प्लगबरोबर शेजारी गेलं तर प्लग वाईट. जागेवरच राहिलं तर वायर बघायची. कांद्याच्या चाळीच्या आसपास उंदरांना काय तोटा, वायर कुरतडलेली असू शकते. तेही ठीक असेल तर मग व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅसकेट. तो खर्चाचा मामला, म्हणून तो शेवटी. प्लगचं टोक काढून पाहिलं तर तेही बोलतं. बिस्किटासारखं तपकिरी असेल तर उत्तम, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी.

आपल्या पद्मिनीत मात्र चारही वेळा आवाज पडला. चारही ढोल वाजत होते, फक्त लय कच्ची होती. प्लगचं टोक निघालं पांढरट. शेजारच्या काकांचे चार प्लग वाचले.

दुसरी परीक्षा तर फुकटची आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. डॅशबोर्डखालचा चोक हळूच थोडा बाहेर ओढायचा. चोक ओढला की इंजिनला पेट्रोल जास्त मिळतं. निरोगी, गरम इंजिन त्यानं गुदमरतं. इथे उलटंच झालं! थरथर थांबली, गाडी गोड चालू लागली. याचा अर्थ इंजिन उपाशी होतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. लिटरात सांगायचं तर एका लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा! हे प्रमाण बिघडून हवा जास्त झाली होती.

कारणं दोनच. एक तर पेट्रोल कमी येतंय. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. कार्बोरेटरचा स्लो जेट सुईच्या टोकाएवढ्या भोकाचा, तो तुंबतो. शिवाय २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. घोड नदीच्या काठचा ऊस पाहणाऱ्यांना इथेनॉल कशापासून होतं ते सांगायला नको. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण आणखी हलकं पडतं. नवं इंजिन ते ओळखून पेट्रोल वाढवतं, जुन्या कार्बोरेटरला ते जमत नाही. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. म्हणून जुनी गाडी टाकी भरून चार-सहा महिने ठेवू नये.

मेस्त्रींनी शिळं पेट्रोल काढलं, जेट हवेनं फुंकून साफ केला. तार खुपसली नाही, कारण भोक मोठं झालं की जेट वायाच. गाडी चालू केली. किंचित सुधारली, पण कापणं गेलं नाही.

राहिलं दुसरं कारण: कुठून तरी चोरून हवा शिरतेय. गॅरेजच्या भाषेत ‘इंजिन एअर घेतंय’. कार्बोरेटर जिथे इंजिनवर बसतो, तिथे पातळ पॅकिंग असतं. मेस्त्रींनी साबणाचं पाणी त्या सांध्यावर थेंब थेंब सोडलं. एका कोपऱ्यावर थेंब पडताच आत ओढला गेला आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला. वाळून तडकलेलं पॅकिंग! (काहीजण या परीक्षेला पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनवर पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.)

पॅकिंग बदललं, नट सारखे आवळले, मग शेवटी स्लोचा स्क्रू लावला. शेवटी, हे महत्त्वाचं. पुष्कळदा आधीच स्क्रू आवळून स्लो वाढवून दिला जातो. गाडी बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश होतं, दुखणं मात्र तसंच राहतं. एखादा सिलिंडर खरोखर झोपलेला असला तर न जळलेलं पेट्रोल त्याच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि रिंगा झिजतात. मग दुरुस्ती इंजिन उतरवण्यापर्यंत जाते.

हा सगळा तपास गाडी अंगणात ढकलून आणून केला, शेडमध्ये नाही. सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत तो माणसाला कळायच्या आत बेशुद्ध करतो. घरात कुणी शेडचं दार लावून गाडी चालू ठेवत असेल, तर वयाचा विचार न करता बिनधास्त टोका.

नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हा गळलेला ठोका स्वतःच मोजतो. मेस्त्रींच्या यंत्रावर ‘पी ०३०३’ असा आकडा येतो, म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग करतोय. पण का, ते यंत्र सांगत नाही. मग मेस्त्री काय करतो? तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्याला लावतो, आणि आकडा ‘पी ०३०२’ होतो का ते बघत बसतो.